गोष्टीत आपण कुठे उभे असतो

बायबल पूर्ण वाचायचा संकल्प माणसं बहुधा जानेवारीत करतात, आणि फेब्रुवारीत तो लेवीय नावाच्या पुस्तकात अडकतो. उत्पत्ती छान जातं: आदाम-हव्वा, नोहाचं तारू, भावाला विकणारे योसेफाचे भाऊ. निर्गमात तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत सगळं वेगात चालतं. मग निवासमंडपाच्या पडद्यांची मापं सुरू होतात आणि त्यापाठोपाठ बळी कसा द्यायचा, कातडीवरच्या डागाची तपासणी याजकानं कशी करायची, घराच्या भिंतीला कसर लागली तर काय करायचं, याचे नियम येतात. पुस्तक परत कपाटात जातं. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांचं असं होताना मी पाहिलंय, आणि कुतूहलापोटी माझ्याकडून प्रत मागून नेणाऱ्या हिंदू मैत्रिणींचंही.

मला कुणी विचारलं तर मी मार्कापासून सुरुवात करायला सांगते. चार शुभवर्तमानांत हे सर्वांत छोटं, सोळा अध्यायांचं. बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुनंही. मार्क घाईत आहे. येशूच्या जन्माची गोष्ट तो सांगतच नाही, थेट यार्देन नदीवर पोचतो. आणि जुन्यात जुन्या हस्तलिखितांत त्याचा शेवट असा आहे की रिकामी कबर पाहिलेल्या बायका भीतीनं पळून जातात आणि कुणाला काहीच सांगत नाहीत. पुढची वचनं नंतर जोडली गेली असावीत, असं आजच्या बहुतेक आवृत्त्या तळटीपेत किंवा कंस घालून सुचवतात. धर्मग्रंथ असा अर्ध्या वाटेवर थांबू शकतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं होतं.

ते नवल पुढे ओसरलं, कारण बायबल हे एक पुस्तक नाहीच. प्रॉटेस्टंटांच्या हिशेबानं ६६ आणि कॅथलिकांच्या हिशेबानं ७३ पुस्तकं एका बांधणीत आली आहेत. बराचसा भाग हिब्रूत, थोडा अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. लिहिणाऱ्यांच्यात शतकांची अंतरं, आणि त्यांचं आपसात नेहमी पटतंच असं नाही. नीतिसूत्रे सांगतं की सरळ वागणाऱ्याचं भलं होतं. ईयोबाचं अख्खं पुस्तक त्यावर हरकत घेतं. उपदेशक दोघांकडे बघून खांदे उडवतो. एज्राच्या पुस्तकात परक्या बायकांना मुलांसकट घराबाहेर काढण्याचा ठराव होतो, आणि रूथच्या पुस्तकात परकी मवाबी विधवा दावीद राजाची पणजी ठरते. वाद घालणाऱ्यांना एकाच पंक्तीला बसवणारा हा ग्रंथ आहे. वाचणाऱ्यानं त्या पंक्तीत कुठे बसायचं, हे मात्र त्यानं सांगितलेलं नाही.

आमच्याकडे वचनांचा सोस मोठा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीत दर रविवारी संडे स्कूलला सोनेरी वचन पाठ म्हणून दाखवावं लागे. भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, लग्नपत्रिकेवर वचन, नव्या घराच्या चौकटीवर वचन. वचनांचे हे तुकडे मूळचे नाहीत. अध्याय पाडले स्टीफन लँग्टन यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे दिले फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ साली. म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षं ही पुस्तकं वचनांच्या आकड्यांशिवायच वाचली गेली. आकडे आल्यानं संदर्भ शोधणं सोपं झालं, आणि वचन तोडून खिशात घालणंही.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन तुम्ही एखाद्या ख्रिस्ती घरात गेलात तर हमखास दिसेल. देवानं आपल्यासाठी हिताचे बेत केलेत, असा त्याचा भाव. माझ्या चुलतबहिणीच्या पिंपरीतल्या फ्लॅटमध्ये ते काचेच्या चौकटीत टांगलेलं आहे. एकदा दुपारी आम्ही दोघींनी तो अध्याय आणि त्याच्या मागचा एक, असे सलग वाचून काढले. ते वचन एका पत्रातलं आहे. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून पाठवलेलं पत्र. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की काळजी करू नका, धरून नेलेले दोन वर्षांत परत येतील. यिर्मया लिहितो की दोन नाही, सत्तर. तेव्हा घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याचं भलं चिंता. पत्र वाचणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला परतीचा दिवस येणार नव्हता. बहीण बराच वेळ खिडकीतल्या कढीपत्त्याच्या डब्याकडे बघत होती. लग्न होऊन ती पिंपरीला आली त्याला एक जन्म लोटला, तरी गावाला जायचं म्हणताना ती ‘घरी जायचंय’ असंच म्हणते. ‘म्हणजे हे पत्र आमच्यासारख्यांनाच आहे गं,’ ती म्हणाली. चौकट तिनं काढली नाही. उलट शेजारच्या मुलीला ती आता सगळा अध्याय वाचायला लावते.

वाचण्याची ही रीत मला लहानपणी नाटकातून लागली. नाताळात आमच्या देवळात ख्रिस्तजन्माचं नाटक व्हायचं. त्यात मेंढपाळ आणि मागी लोक एकाच गव्हाणीपाशी दाटीवाटीनं उभे राहत. खरं तर मत्तयाच्या शुभवर्तमानात फक्त पूर्वेकडचे मागी आहेत, लूकमध्ये फक्त मेंढपाळ. मागी तीन होते, असं मत्तय कुठंही म्हणत नाही. भेटी तीन आहेत म्हणून आपण माणसंही तीन धरली. मत्तयाचा येशू राजवाड्याला धडकी भरवतो, लूकचा येशू रानात जागणाऱ्यांना आधी कळतो. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ओढींनी सांगितलेल्या या कथा. नाटकानं त्यांची मोट बांधली, आणि दोन्हीतली धार थोडी कमी झाली.

मला मेंढपाळाचं काम मिळालं होतं. घोंगडी गावाबाहेर उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावरून आणलेली होती, खरीखुरी, मेंढ्यांच्या आणि धुराच्या वासाची. नगरकडे सुगीनंतर शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेतात. खत मिळतं म्हणून. रात्रभर धनगर वाघरीबाहेर जागा असतो. लांडगा येतो, चोर येतात, आणि गावात मात्र यांना पाण्यासाठीसुद्धा दहा वेळा विचारावं लागतं. घोंगडी परत द्यायला मी वडिलांबरोबर गेले तेव्हा एक म्हातारा शेकोटीपाशी पोरासोरांना दरडावून झोपायला लावत होता आणि स्वतः काठी टेकून बसला होता. लूकला ही बातमी त्या लोकांकडेच का न्यावीशी वाटली, हे मला त्या शेतात समजलं. सगळं गाव झोपलेलं असताना दुसऱ्याच्या शेतात कोण जागं असतं, हा साधा प्रश्न होता.

पण अर्थ लावणं म्हणजे काय, हे मला शिकवलं आजीनं. तिचं शिक्षण मिशनच्या रात्रशाळेत अक्षरओळखीपुरतं झालेलं. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत ती वाची, आणि बोट जिथं थांबे तिथं आम्हीही थांबायचो. एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर उपदेश केला. दाखला असा: मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, दिवसाची मजुरी ठरवतो. मग नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाचलाही. तेव्हाही काही माणसं तिथंच उभी असतात. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटच्यांपासून सुरुवात करतो आणि सगळ्यांना पूर्ण दिवसाचीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

पाळकसाहेबांनी अर्थ सांगितला तो जुन्या परंपरेतला. मळा म्हणजे स्वर्गाचं राज्य, धनी म्हणजे देव, उशिरा आलेले म्हणजे म्हातारपणी विश्वास धरणारे. ओरिगेन, थोर ग्रेगरी अशा जुन्या आचार्यांनीही या पाच वेळांचे असेच अर्थ लावले आहेत: कधी जगाच्या इतिहासातली युगं, कधी माणसाच्या वयाच्या अवस्था. या रीतीला मोठी परंपरा आहे. ऑगस्टिननं चांगल्या शोमरोन्याचा दाखला असाच उलगडलाय. त्यात लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, धर्मशाळा म्हणजे मंडळी आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे चक्क संत पौल. ही बुद्धीची कसरत वाचायला मला आजही मजा येते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आमच्याकडे चहाला आले. आजी चुलीपुढे होती. तिनं तिथूनच विचारलं, ‘पाळकसाहेब, ते पाचला घेतल्याले मानसं दिवसभर कुठं व्हते?’ ते म्हणाले, बाजारातच उभे होते, तसं लिहिलंय. ‘मंग उभं ऱ्हाऊनबी पाय दुखत्यातच की,’ आजी म्हणाली. आणि मग तिनं बहात्तरच्या दुष्काळातलं सांगितलं. गावाजवळ खडीचं काम निघालं होतं. मस्टरवर नाव लागलं तर दिवसाची मजुरी आणि सुकडी मिळे. पण काही सकाळी मुकादम माणसं मोजून घेई आणि उरलेल्यांना हातानंच थांबा म्हणे. उरलेले घरी जात नसत. कुणी चक्कर येऊन पडलं, कुणी मधेच उठून गेलं तर जागा निघेल म्हणून लिंबाखाली बसून राहत. ‘कामाला लागल्याल्याच्या जिवाचा घोर सकाळीच मिटतो. उभं ऱ्हानाऱ्याचा घोर उन्हासंगं वाढत जातो. अन् भूक काय तास मोजून लागती का?’

पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली आणि खिशातली वही काढून लिहून घेतलं. त्यांचा अर्थ आजीनं खोडला नव्हता. देव दयाळू आहे, हे तिलाही मान्य होतं. पण ते दाखल्यात वरून, धन्याच्या बाजूनं शिरले होते, आणि ती बाजारातल्या उभ्या माणसांतून. तिथून पाहिलं की मजकुरातली एक गोष्ट एकदम पुढे येते. धनी त्या शेवटच्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. आळसाचा आरोप आणि त्याचं उत्तर, दोन्ही तिथं लिहिलेलं आहे. शिवाय मोशेच्या नियमशास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात पडली पाहिजे, अशी सक्त आज्ञा आहे. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. हा दाखला ऐकणाऱ्या गालीलातल्या शेतमजुरांना ती पाठ असणार. दिवसाची मजुरी म्हणजे एका घराची त्या दिवसाची भाकरी. बाराव्या हिश्श्याची भाकरी करून कुणाचं पोट भरत नाही.

आता मी महाविद्यालयात शिकवते. नोकरी कायमची आहे, महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो. शेजारच्या टेबलावर तासिका तत्त्वावरचे शिक्षक बसतात. शिक्षण माझ्याइतकंच, काही तर माझ्याहून जास्त शिकलेले. त्यांना सुट्टीचे पैसे नाहीत आणि पुढच्या जूनची खात्री नाही. समान कामाला समान वेतनाचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये कायम नोकरीवाल्यांची जी कुजबुज चालते, ती मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली आहे. तक्रारीची मांडणीसुद्धा तीच. आजी गोष्टीत उभी होती लिंबाखाली. मी उभी आहे पहाटे कामावर लागलेल्यांच्या रांगेत. मजकूर एकच, पण तिला त्यात दिलासा मिळाला आणि मला त्यात नोटीस मिळते. दोन्ही वाचनं खरी आहेत असं मला वाटतं. फक्त माझं वाचन तिच्या वाचनाशिवाय करता येत नाही. तिनं सांगितलं नसतं तर मी सुखानं धन्याच्या औदार्यावर निबंध लिहिला असता.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई मी अशीच दोन जागांवरून वाचत आले. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय, शिष्य अन्न आणायला गेलेत, एक बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नाहीत. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या कथेला मोठं स्थान आहे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये होत्या. लंडनजवळच्या फुलहॅम इथं समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं तिथल्या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं आणि या बायकांची एवढी काळजी का घेता, असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना ही कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुराणं आणि व्याकरण तोंडपाठ असलेल्या त्या विदुषीला या कथेत काय दिसलं असेल? धर्माचं ज्ञान बाईच्या कानी पडू नये, असं सांगणाऱ्या जगात त्या वाढल्या होत्या. वडिलांनी आईला आणि आईनं त्यांना संस्कृत शिकवलं हेच बंड होतं. इथं येशू त्या बाईशी उपासना कुठं करावी, या डोंगरावर की यरुशलेमात, या धर्मशास्त्रातल्या कळीच्या प्रश्नावर चर्चा करतो. तीही हिरिरीनं बोलते. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं केलं, केडगावच्या मुक्तिसदनात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ साली त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ पूर्ण छापून बाहेर पडला.

माझ्या घरात मात्र ही कथा आधी पाण्याची कथा होती. पणजोबांच्या पिढीनं १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत ख्रिस्ती धर्म घेतला. नगर जिल्ह्यात महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून तेव्हा पुष्कळ कुटुंबं मिशनकडे आली. धर्म बदलला तरी पाणवठा बदलला नाही. गावच्या आडावर यांना दुसऱ्यानं ओंजळीत पाणी ओतेपर्यंत थांबावं लागे. म्हणून आमच्याकडे कथेत पहिली गोष्ट दिसते ती ही, की ज्याला मान आहे तो जिला मान नाही तिच्या हातचं पाणी मागतोय, तिच्याच भांड्यातून. वडील ही कथा वाचून दाखवताना महाडचं चवदार तळं आणि २० मार्च १९२७ ही तारीख सांगितल्याशिवाय पुढं जात नसत. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, हे वडिलांना ठाऊक होतं. तळ्याचं पाणी आणि विहिरीचं पाणी त्यांच्या मनात तरी एकाच झऱ्याचं होतं.

व्यासपीठावरून या बाईची ओळख बहुतेकदा पापिणी अशी करून दिली जाते, कारण तिला पाच नवरे होऊन गेले होते आणि आता जो आहे तो तिचा नवरा नाही. मी अध्याय शोधत शोधत वाचलाय. येशू ही गोष्ट बोलून दाखवतो, पण त्यावरून तिला दोष देत नाही आणि यापुढे पाप करू नकोस असंही म्हणत नाही. त्या समाजात सोडचिठ्ठी देण्याचा हक्क जवळजवळ पुरुषाकडेच होता. पाच वेळा विधवा झालेली, किंवा पाच वेळा टाकलेली, किंवा थोडं हे थोडं ते, अशी ती असू शकते. माझी एक विद्यार्थिनी, जिच्या आईला दोन घरांतून परत पाठवलं होतं, ती हा अध्याय वाचून म्हणाली, ‘मॅडम, तिला पाच जणांनी सोडलं, तरी नाव तिचंच खराब कसं?’ प्रश्न योहानाला नव्हता. शतकानुशतकं उपदेश करणाऱ्यांना होता.

आपली जागा सापडली की वाचन पुरं झालं, असंही नाही. दलित ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातला इस्राएलांचा कबुलीजबाब दलितांच्या नजरेनं वाचला. आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात त्याला गुलाम केलं, मग आम्ही हाक मारली आणि देवानं सोडवलं, असा तो मजकूर. दलितांना आपला ‘आम्ही कोणीच नव्हतो’ हा इतिहास त्यात ओळखू येतो, हे निर्मलांनी दाखवलं आणि पिढ्यांना बळ दिलं. निर्गम आमच्यासाठी असाच सुटकेचा ग्रंथ आहे. पण निर्गमाची वाट यहोशवाच्या पुस्तकात जाते, आणि तिथं यरीहोच्या भिंती पडल्यावर आत कुणी जिवंत ठेवलं जात नाही, राहाब नावाच्या बाईच्या घरचे सोडून. अमेरिकेतल्या ओसेज या मूळ रहिवासी जमातीचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ साली एका लेखात विचारलं की आम्ही ही गोष्ट वाचतो तेव्हा आम्हाला कनानी आपले वाटतात, त्याचं काय करायचं? त्यांच्या पूर्वजांची जमीन घेणाऱ्यांनी स्वतःला इस्राएल म्हणवून घेतलं होतं. तो लेख वाचल्यापासून लहानपणीचं यरीहोचं टाळ्या वाजवत म्हणायचं गाणं मला गाता येत नाही. सुटका झालेला माणूस उद्या दुसऱ्याच्या दारात कसा उभा राहील, हा प्रश्नही त्याच ग्रंथात आहे, आणि तो मला एका दूरदेशीच्या परक्या वाचकाकडून मिळाला.

काही पुस्तकं अर्थ सांगण्याची घाई करणाऱ्यालाच पकडतात. वडील गेले तेव्हा घरी माणसांची रीघ लागली. जो तो एकेक वचन घेऊन यायचा. देव सगळ्या गोष्टी भल्यासाठीच घडवतो, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, यातही काही योजना असेल. यातलं पहिलं पौलाच्या पत्रावर आधारलेलं, दुसऱ्याला बायबलात आधारच नाही, तिसरं कुणीही म्हणेल असं. त्या दिवसांत मी ईयोब वाचत होते. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, येतात ते अगदी शहाण्यासारखे; सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. त्यांची वाक्यं सुटी काढली तर भिंतीवर लावण्याजोगी आहेत. अलीफजाचं एक वाक्य पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आधारासाठी घेतलंही आहे. तरी शेवटी देव त्याच अलीफजावर रागावतो आणि सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. ज्या ईयोबानं देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती, तो! वचन खरं असून चुकीच्या दारात नेलं तर खोटं पडतं, हे बायबल स्वतःच्या पोटातच सांगतं. आमच्याकडे त्या आठवड्यात गल्लीतला एक निवृत्त कंपाउंडर रोज सकाळी येऊन ओसरीवर बसायचा. दूध घ्यायचा, फोन आला तर निरोप लिहून ठेवायचा, आणि जेवणाच्या वेळी उठून घरी जायचा. एकही वचन त्यानं काढलं नाही.

हल्ली आमच्या वसाहतीत गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यासाचा गट जमतो. त्यात एक परिचारिका आहे, पोलिसातून निवृत्त झालेले एक काका आहेत, बँकेत जाणारं एक जोडपं, कॉलेजातली दोन पोरं, आणि अधूनमधून येणारी त्यांची एक हिंदू मैत्रीण. आम्ही एक नियम केलाय. अर्थ सांगण्याआधी प्रत्येकानं सांगायचं की या गोष्टीत मी कुठे उभा होतो. सुरुवातीला सगळे येशूजवळ उभे राहिले, जागा पुरेना. हळूहळू माणसं आपापल्या ठिकाणी जाऊ लागली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात काका थोरल्या भावाजवळ गेले. त्यांनी नोकरीभर धाकट्या भावाची कर्जं फेडली होती. तो दाखला संपतो तेव्हा बाप अंगणात थोरल्याची मनधरणी करत असतो, आणि थोरला आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. काका म्हणाले, ‘बरं केलं नाही सांगितलं. मला अजून ठरवायचंय.’

मग शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह आला. युद्ध जिंकलं तर घराच्या दारातून पहिलं जे सामोरं येईल त्याचा होम करीन, असा नवस तो करतो, आणि डफ वाजवत बाहेर येते त्याची एकुलती एक मुलगी. बँकेतले गृहस्थ म्हणाले, हा अध्याय सोडू या, पोरं आहेत. परिचारिका म्हणाली, ‘सोडायचा नाही. माझ्या वॉर्डात बापाच्या शब्दापायी जळालेल्या मुली येतात. त्यांना सोडून कुठं जाऊ?’ आम्ही वाचला. त्या मुलीचं नाव दिलेलं नाही. इफ्ताहाला असं करू नकोस, असं देवही सांगत नाही, आणि ते मौन आम्हाला कुणालाच पचलं नाही. पण कॉलेजातल्या पोरीनं शेवटची ओळ दाखवली: त्यानंतर इस्राएलातल्या मुली दरवर्षी चार दिवस तिची आठवण करायला जात. ती म्हणाली की म्हणजे कुणीतरी होतं, ज्यांना हे मान्य नव्हतं, आणि त्यांची नोंद कुणीतरी पुस्तकात राहू दिली. इतक्या वेळा वाचून ती ओळ माझ्या नजरेला कधी टोचली नव्हती, कारण मी दर वेळी बापाच्या नवसाचा अर्थ लावत बसले होते.

बायबल एकट्यानं वाचता येतं. मीही पहाटे एकटीच वाचते, आणि ते थांबवायचा माझा विचार नाही. पण एकट्या वाचणाऱ्याला एकच जागा असते, आणि या पुस्तकातली माणसं सगळ्या बाजूंनी उभी आहेत. ज्या बाजूला आपण जाऊ शकत नाही तिथं आयुष्यानं ज्यांना नेऊन उभं केलंय, त्यांना जवळ बसवून घ्यावं लागतं. मग वाद होतात, वेळ लागतो, आणि चहा दोनदा ठेवावा लागतो. नव्या पाळकांनी परवा काळजीनं विचारलं की तुमचा गट यंदा यशयापर्यंत तरी पोहोचणार का. काका म्हणाले, सांगता येत नाही. अजून शमशोन यायचाय, आणि त्याच्या बायकोच्या बाजूनं बोलायला दोघीजणी आत्तापासून तयारीत आहेत.